लेपाचं नाव सांगते

मंडळी, बसा. मागे उभे आहेत त्यांनीही बसून घ्या, ताडपत्री अंथरलेली आहे. मांडवात ऊन आलंय, जरा आत सरका.

शहापूरहून आलात, मुरबाडकडून आलात, शेणव्याचे पाहुणे आलेत. वरच्या वाडीतल्या बाया शेतातलं काम सोडून आल्यात. तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार. मला उभं राहून बोलायची सवय नाही. माझं बोलणं चुलीपाशी, नाहीतर ओट्यावर बसून. काल ह्यांचं तेरावं झालं आणि आज घरातल्या बाईने माईक हातात धरावा का, यावर सकाळी भावकीत थोडी कुजबुजही झाली. होऊ दे. मला आज गप्प बसता येत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. खर्डीहून एक रिक्षा निघाली आहे. ती इकडे येतेय. ती येईपर्यंत मी बोलेन, ती आली की थांबेन. रिक्षा कोणासाठी, तर ही समोर भीमाआजीच्या मांडीवर पडलेली जाई आहे ना, रंजनाची मुलगी, तिच्यासाठी. रंजनाला विचारूनच सगळ्यांसमोर बोलते आहे. जाईच्या पायांवर फोड उठले होते. ते खाजवून चिघळले, पू झाला. आज तिचं तोंड सुजलंय. आजी म्हणते, रडून डोळे सुजले. माधवी डॉक्टर मागे बसल्या आहेत. त्यांनी मघाशी परसात पोरीला बघितलं. त्या म्हणाल्या, ही सूज रडण्याची नाही. लघवी काळ्या चहासारखी होतेय. अंगावरच्या फोडांचं कधीकधी असं होतं, फोड सुकायला लागतात आणि आतल्या मूत्रपिंडाला धक्का बसतो. तिला आजच्या आज शहापूरला दवाखान्यात न्यायचं आहे. बाईंनी फोन करून ठेवलाय, तिथले डॉक्टर वाट बघतायत.

आणि भीमाआजी काय म्हणते? भीमाआजी माझ्याकडे बोट दाखवून म्हणते, "आधी सुमन लेप लावंल. मंग रिक्षा."

मंडळी, मी या लेपाविषयीच बोलणार आहे. आमच्या ह्यांच्याविषयी बोलायचं तर लेपाविषयीच बोलावं लागतं. तुम्ही सगळे त्यांना काका म्हणायचात. काकांचा लेप. पावसाळ्यात पोरांच्या अंगावर फोड आले, गजकर्ण उठलं, डोक्यात खवडे झाले की पोर कडेवर घ्यायची आणि आमच्या ओट्यावर यायचं. हे चिनी मातीची बरणी बाहेर काढायचे, पळसाच्या पानावर लेप घालून द्यायचे. कोणाकडून कधी काही घेतलं नाही. हे मघाशी सगळ्यांनी सांगितलं. ते खरं आहे.

सरपंच बोलताना म्हणाले, काकांचा वारसा आता काकींनी पुढे चालवावा. तुम्ही टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, पण वाजल्या. त्या टाळ्या ऐकताना मला बाहेरून कोणीतरी दाराला कडी घातल्यासारखं झालं.

का ते सांगते.

लेपाची एक रीत होती, ती तुम्हाला माहीत आहे. झाडाचं नाव सांगायचं नाही. नाव सांगितलं की गुण जातो. माझ्या सासऱ्यांनी मरताना ते ह्यांच्या कानात सांगितलं. ह्यांनी मला लग्नानंतर कित्येक वर्षं सांगितलं नव्हतं. मी चिडवायची, तुमच्या हाताला वास येतो तो काय मला कळत नाही? हे म्हणायचे, "कळू दे. तोंडानं बोलू नको म्हंजे झालं."

मग माधवीबाई आल्या. मुंबईच्या एका संस्थेतून, लहान पोरांच्या त्वचेच्या आजारांवर काम करायला. त्यांनी लेपाविषयी ऐकलं होतं. हे त्यांच्याशी बोलायला तयार नव्हते. शहरातली बाई, नाव विचारणार, लिहून घेणार आणि जाणार. पण बाईंनी नाव विचारलंच नाही. ओट्यावर बसल्या, चहा घेतला आणि एकच विचारलं. म्हणाल्या, काका, ज्या पोरांना तुमच्या लेपाने गुण येत नाही, ती परत तुमच्याकडे येतात का?

बाई गेल्या. ह्यांनी जेवायला ताट घेतलं आणि तसंच ठेवलं. मला म्हणाले, "सुमन, माझ्याकडं जी परत येतात ती बरी झालेलीच येतात. नारळ घेऊन येतात. बाकीची कुठं जातात गो?"

मी काय सांगणार? मी चौथी शिकलेली. पुढचं सगळं वाचून वाचून कळलं. वाणसामानाच्या पुड्यांपासून शहापूरच्या वाचनालयातल्या पुस्तकांपर्यंत जे हाताला लागलं ते वाचलं. पण या प्रश्नाचं उत्तर कुठल्या पुस्तकात असणार? बाकीची पोरं कुठे जातात? दुसऱ्याच्या ओट्यावर जातात. दवाखान्यात जातात. आपोआप बरी होतात. आणि एखादं... एखादं आपल्यासमोर येतच नाही.

तो प्रश्न ह्यांना सोडेना. शेतात गेले तरी सोडेना. शेवटी त्यांनी वडिलांच्या फोटोपुढे नारळ फोडला. म्हणाले, बापाने मला कानात सांगितलं, मी या बाईंच्या कागदावर सांगतो. राग यायचा तो माझ्यावर येऊ दे. आणि नाव सांगितलं.

मग तपासणी झाली. तुमच्यातल्या पुष्कळ जणी तिच्यात होत्या. कशी झाली ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. चिघळलेल्या फोडांची पोरं निवडली. सगळ्यांना साबण दिला, फोड कसे धुवायचे ते शिकवलं. कोणाला ताप आला, सूज आली तर तडक दवाखाना, हे आधीच ठरवलेलं. आणि मग डब्या दिल्या. काही डब्यांत आमचा लेप, काही डब्यांत दवाखान्यातलं नेहमीचं मलम. रंग सारखा केलेला, वास सारखा केलेला. झाकणं मात्र वेगळी, हिरवी आणि पांढरी. कुठल्या झाकणाखाली काय, हे ह्यांना माहीत नाही, माधवीबाईंनाही माहीत नाही. मुंबईत एका माणसाला माहीत. कारण काय, तर बघणाऱ्याच्या मनात आधीच काही असलं की डोळेही तसंच बघतात.

ह्यांना हे फार आवडलं होतं. मला म्हणाले, "बघ, आता माजा मान नाय आन् अपमानबी नाय. जे हाय ते दिसंल."

आणि पोरं बरी झाली. सगळी बरी झाली. हिरव्या झाकणाचीही आणि पांढऱ्या झाकणाचीही. माधवीबाईंना नवल वाटलं. त्या वरच्या वाडीत गेल्या, मीही सोबत होते. तिथे ही आपली ठकूबाई, हसू नको ठकूबाई, तुझंच सांगते आहे, ही ठकूबाई मोठ्या कौतुकानं म्हणाली, बाई, तुमी काय काळजी करू नका, आमी कोनावर अन्याव नाय होऊ दिला. समद्या डब्या परातीत रिकाम्या केल्या, कालवल्या आन् सारखे वाटे घातले.

माधवीबाई ओट्यावर खालीच बसल्या. मग हसायला लागल्या. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हसण्याचं की कसलं, मी विचारलं नाही.

पण बायांचं काय चुकलं? ओहोळात सगळ्यांनी मिळून मासे धरले की आपण काय करतो? सारखे वाटे घालतो. जो तापाने घरी पडलाय त्याच्याही नावाचा वाटा घालतो. मग एकाच घरात एका जावेच्या पोराला हिरवं झाकण आणि दुसरीच्या पोराला पांढरं, हे त्यांना कसं बघवेल? त्यांना बघवलं नाही. आणि तिथे सगळी तपासणी पाण्यात गेली. गुण लेपाचा, मलमाचा, की नुसत्या साबणाचा, कोणी सांगायचं?

ह्यांना घरी येऊन सांगितलं. मग म्हणाले, "म्हंजे अजून कायच कळलं नाय."

पण गावाला कळलं होतं. गाव म्हणालं, बघा, काकांचा लेप मुंबईवाल्यांनी तपासला, सगळी पोरं बरी झाली. आमच्या ओट्यावर आधी येत होती त्याच्या दुप्पट माणसं यायला लागली. हे सांगून सांगून थकले, अरे, अजून ठरलेलं नाही, पुन्हा तपासायचंय, पू असला तर आधी दवाखान्यात जा. लोक म्हणायचे, काका किती साधे, स्वतःची बढाई मारत नाहीत. आणि ज्यांच्या पोरांना गुण आला नाही ते काय म्हणायचे? नाव सांगितलं ना, म्हणून गुण गेला. आणखी कोणी म्हणायचं, नाव मुंबईला विकलं.

बघा मंडळी. गुण आला तर लेप खरा. गुण नाही आला तर नाव सांगितल्यामुळे. मग लेप खोटा ठरणार कधी? आणि कधीच खोटा ठरू शकत नसेल, तर खरा ठरणार कधी? त्यांना यातून बाहेर पडायला वाट नव्हती. ओट्यावर माणूस बसलेला दिसला की हे मागच्या दाराने परसात जायचे. उभ्या आयुष्यात मी त्यांना कोणाला चुकवताना बघितलं नव्हतं. त्या दिवसांत बघितलं.

तरी त्यांनी सोडलं नाही. या पावसाळ्यात पुन्हा तपासणी करायची ठरली. नव्या डब्या आल्या. हे स्वतः वाडीवाडीत जाऊन बायांना सांगायला लागले, या वेळी वाटे घालू नका. ठकूबाईच त्यांना म्हणाली होती, "काका, आजवर फुकाट वाटलं तुमी, आन् आमाला सांगता वाटू नका?" हे घरी येऊन मला सांगताना हसले होते. ते हसणं मला आठवतं. त्यानंतर फार हसले नाहीत.

रंजना जाईला घेऊन आली होती ती त्याच दिवसांत. ह्यांनी फोड बघितले, बरणीला हातही लावला नाही. म्हणाले, हिला आजच दवाखान्यात ने. रंजना घरी गेली. आणि दुसऱ्याच सकाळी ह्यांना अर्धांगाचा झटका आला. कल्याणला नेलं. तिथे जीभ जड झाली होती, पण पहिल्या दिवशी बोलत होते. माझ्या कानापाशी तोंड आणून एक वाक्य बोलले. भावकीतल्या माणसांनी ते बघितलं. तेवढ्यावरून पंचक्रोशीत झालं की काकांनी काकीच्या कानात सांगितलं, वारसा दिला.

गेले तेरा दिवस जो भेटायला येतो, तो आधी रडतो आणि मग हळूच विचारतो, कानात काय सांगितलं? ह्यांनी काय सांगितलं ते मी सांगते. कोणाला पटत नाही. एक पाहुणे तर मला म्हणाले, मरताना माणूस लेपाचं बोलेल की रंजनाच्या पोरीचं?

रंजनाच्या पोरीचंच बोलले. आज पुन्हा सगळ्यांसमोर सांगते. ते म्हणाले, "रंजनाची पोर नेली का गो?" बस. त्यानंतर त्यांच्या तोंडून शब्द आला नाही.

मी म्हटलं, निरोप पाठवते. निरोप पाठवलाही. पण तिकडे रंजनाच्या घरात ठरलं होतं की काका बरे होऊन येतील आणि लेप देतील. काका गेले, तेव्हा ठरलं की तेरावं झालं की काकी देईल. आणि मी घरात. सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही. या अंगणात, या मांडवात, एवढंच. माणसं येतात, जातात. मी बसलेली. भिंतीवर बरणीची फळी. मी तिच्याकडे बघते आणि ती माझ्याकडे बघते.

रंजना, तुला मी बोल लावत नाही. कोणीही लावू नका. आपल्या आजीने, पणजीने जे केलं तेच तू केलंस.

आता तुम्ही म्हणाल, मग लाव ना बाई थोडासा लेप, आजीचं समाधान होईल आणि मग ने. माझ्या पुतण्यानेही मघाशी हेच सांगितलं. मंडळी, असं पोर ओट्यावर आलं तर काय करू, याचाच विचार करत मी रात्र काढली. लेप लावला आणि पोर दवाखान्यात बरी झाली, तर तुम्ही काय म्हणाल? काकीच्या हाताला गुण आहे. मग पुढची पोर दवाखान्यात जाणारच नाही, इथेच बसेल. आणि लेप लावला नाही आणि पोरीचं काही बरंवाईट झालं, तर काय म्हणाल? काकीने हात आखडला. नाव सांगितलं तर म्हणाल, गुण घालवला. नाही सांगितलं तर म्हणाल, लपवून ठेवलं. कुठूनही गेले तरी मी याच ओट्यावर येते. जिथे हे अडकले होते, तिथेच तुम्ही मला आणून बसवलंय. टाळ्या वाजवून बसवलंय.

म्हणून मी नाव सांगते. सगळ्यांसमोर, माईकवर. ऐका.

टाकळा.

हो, टाकळाच. पावसाळ्याच्या सुरुवातीला ज्याच्या कोवळ्या पानांची भाजी करतो तो. रस्त्याच्या कडेला आत्ता उभा आहे, येताना तुडवून आलात तो. त्याचं बी वाटायचं, करंजाच्या तेलात कढवायचं, पोळ्याचं मेण घालायचं. संपलं. आणखी काही नाही.

बघा, लगेच कुजबूज सुरू झाली. मला कळतंय काय चाललंय ते. एवढंच असेल होय? काकी खरं नाव लपवतेय. नाही हो. लपवायला माझ्याकडे काही उरलेलंच नाही. हे एवढंच होतं, आणि याच्याने काय होतं, काय होत नाही, हे त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांना ते जाणून घ्यायचं होतं. न कळताच गेले. त्यांना लेपाची चिंता नव्हती. लेप हरला असता तरी त्यांनी ते या ओट्यावर बसून सांगितलं असतं. त्यांना चिंता होती ती परत न येणाऱ्या पोरांची.

बरणी मी सकाळीच माधवीबाईंच्या हवाली केली आहे. फळी रिकामी आहे, आत जाऊन बघा. तपासणी पुन्हा होईल. ठकूबाई, त्या वेळी वाटे घालू नकोस. ह्यांच्यासाठी एवढं कर. एकदा कळू दे. जे काही असेल ते कळू दे.

भीमाआजी, आता तुझ्याशी बोलते. तू माझ्या सासूबरोबरची. मला सून म्हणून या घरात आणताना तू दारात उभी होतीस. तू ह्यांना लहानाचं मोठं होताना बघितलंस. त्यांच्या हातावर तुझा विश्वास होता ना? मग त्यांच्या जिभेवर ठेव. त्यांनी शेवटचा शब्द तुझ्या नातीवर खर्च केला. मला नाही काही बोलले. माझं पुढे काय, घर कसं चालवशील, काही नाही. तुझ्या जाईचं विचारलं. आजी, मला याचं वाईट वाटलं होतं ग. खरंच वाटलं होतं. आता वाटत नाही. पण ते वाया जाऊ देऊ नकोस.

काय म्हणालीस? रंजना, आजी काय म्हणतेय? जरा थांबा, बोलू द्या तिला.

"तू येशील का गो संगं?"

मंडळी, आजी विचारतेय की मी सोबत येईन का. म्हणते, लेप नाय तर नाय, पर तुजा हात पोरीवर असू दे.

भावकीतल्या वडीलधाऱ्यांना मी हात जोडते. सव्वा महिन्याची रीत मला माहीत आहे. ती मोडावी म्हणून मी उभी राहिले नव्हते. पण म्हातारी मला लेप मागत नाही, सोबत मागतेय. याला मी नाही कशी म्हणू? येते आजी. पोरीला माझ्या मांडीवर दे. तू माझ्या बाजूला बस. रंजना, चादर घे, पाण्याची बाटली घे. बाई, तुम्ही पुढे बसा.

ओहोळावर हॉर्न वाजला. आली रिक्षा.

मला माहीत आहे, यातून काही सुटणार नाही. मी परत येईन तेव्हा कोणीतरी ओट्यावर पोर घेऊन बसलेलं असेल. मला उंबऱ्याबाहेर पडलेली बघून चार जणी चार गोष्टी बोलतील. टाकळ्याचं नाव घेतलं म्हणून गुण गेला, हेही माझ्या माथी येईल. येऊ दे. पण मी घरी नसताना ओट्यावर कोणी पोर घेऊन आलं, तर त्याला माझी वाट बघत बसवू नका. एवढं मागते.

आता सगळे उभे राहा. घड्याळात बघून दोन मिनिटं मोजू नका. मी रिक्षात बसते. रिक्षा सुरू झाली की शांत उभे राहा, आणि तिचा आवाज पार त्या वळणापलीकडे जाऊन ऐकू येईनासा होईपर्यंत कोणी बोलू नका, कोणी रडू नका. आवाज संपला की सभा संपली. घरी जा.

ह्यांचं नाव मी जन्मात कधी मोठ्याने घेतलं नाही. आज एक नाव घेतलंच आहे, दुसरंही घेते. गणपत, तुम्ही विचारलं होतं, पोर नेली का.

नेतेय. नमस्कार.